तिसऱ्या घराची पत्ती

कारंज्याच्या इसरारभाईंनी चार स्क्रू काढले,
झाकण उचललं,
पत्त्यांच्या रांगेवर बॅटरी मारली:
"पुन्हा तेच. तिसरं घर, आत ओढाची पत्ती.
सहा वर्षांत चौथा बाजा, गुणवंतराव,
अन् दर खेपी तोच दात पडते.
कंपनी इतकी खराब नसते."

मी काही बोललो नाही.
बत्तीस वर्षं वाजवतो मी हा माउथ ऑर्गन,
मानोऱ्याच्या नवरंग ब्रास पार्टीत.
डाव्या कानाशी बाबारावाचं क्लॅरिनेट,
मागे गाडीवर जनरेटर,
पुढे वरातीतल्या पोरांच्या शिट्ट्या.
त्यात ऐकू जायचं तर
गाल फुगवायचे, ओठ आवळायचे,
मान झटकायची,
आणि खोल गेलेल्या विहिरीतून बादली ओढावी
तसा ओढायचा सूर.
लोक म्हणायचे, गुणवंताचा बाजा बोलते.
ओरडते, असं कोणी म्हणालं नाही.

इसरारभाईंनी जुनी पत्ती माझ्या तळहातावर ठेवली.
नखाएवढं पितळ,
मुळाशी चीर गेलेलं.
"एकच सूर. महिनाभर.
पहाटे मोहाखालून जाता ना,
फुलाचा वास जेवढा आत घेता
तेवढीच हवा.
त्याच्यावर एक घोट नाही."

पहिले चार दिवस नुसती हवा.
पाचव्या दिवशी सूर आला,
दारातून डोकावला,
मी लगेच त्याचा हात धरून आत ओढला
आणि तो गेला.

शेजारच्या लीलाबाई कुंपणावरून विचारतात,
"भाऊचा बाजा बिघडला का वो?"
बायको तांदूळ निवडत म्हणते,
"बाजा बरा हाय.
भाऊच दुरुस्तीले टाकला."

गुरांच्या दवाखान्यात मी व्रणोपचारक.
बैल आला की
कुशीवर हात ठेवायचा, घड्याळ पाहायचं,
मिनिटाला बावीस, मिनिटाला चाळीस,
डॉक्टरला आकडा सांगायचा.
किती कुशी मोजल्या असतील.
स्वतःच्या कुशीवर हात ठेवला तो परवा,
औषधांच्या खोक्यावर बसून, दुपारी,
कोणी नव्हतं तेव्हा.
श्वास गळ्यापाशी येत होता आणि परतत होता,
ओसरीवरूनच पाणी पिऊन
निघून जाणाऱ्या पाहुण्यासारखा.
"आत या ना," म्हणावं,
तर कसं म्हणतात
ते विसरलेलो.

वैशाखात धनजला लग्न.
पहिलं गाणं नीट गेलं.
दुसरंही, जवळजवळ.
तिसऱ्याला जनरेटरने घरघर धरली,
बाबारावाने माझ्याकडे भुवई उडवली,
आणि माझी मान आपली आपण झटकली,
ओठ आवळले,
मी तिसरं घर करकचून ओढलं.

ऐकलं मी ते.
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.
बाजा तोंडातून काढला, ऐन अंतऱ्यात.
लोकांना वाटलं गाणं संपलं,
त्यांनी टाळ्या वाजवल्या.
"काय झालं बे?" बाबाराव.
मी शर्टाखाली कुशीवर हात ठेवून उभा,
गॅसबत्तीच्या उजेडात,
पोट दुखणाऱ्या माणसासारखा.

मग पुन्हा शिरलो गाण्यात, उशिरा,
वासाएवढा.
कोणाला ऐकू गेलं नाही.
नवरदेवाच्या घोडीने तेवढा
एक कान माझ्याकडे वळवला,
माशी बसली असेल.

रात्री घरी येऊन बाजा झटकला,
थुंकी पुसली,
अंधारातच तिसरं घर एकदा.
वाजलं.
चौथ्या घराला हात लावला नाही.
तिथेही तोच बसलेला असेल,
गाल फुगवून.